वाढ्याच्या पोटातला कोंब

भाईंदर पूर्वेच्या गोडदेवात ऊस पिकत नाही. नावात गोडवा असला तरी इथली जमीन खाडीकाठची, मिठागरांच्या शेजारची. उन्हाळ्यात नाक्यावर रसवंतीचा चरखा घुंगरं वाजवत फिरू लागतो, तेव्हा त्यात जाणारा ऊस घाटावरून मोळ्या बांधून आलेला असतो. त्या उसाला शेंडा नसतो. शेंडा म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत वाढं. ते तोडणीच्या वेळीच छाटलं जातं आणि जनावरांच्या पुढ्यात पडतं. कांडं कारखान्याला किंवा चरख्याला, वाढं गोठ्याला, अशी ही वाटणी कित्येक पिढ्यांची आहे. या वाढ्याच्या पोटात, पानांच्या गुंडाळ्यांच्या अगदी आत, टाचणीच्या डोक्याहून लहान असा एक वाढता कोंब असतो. महाराष्ट्रातल्या उसाच्या इतिहासातला एक मोठा अध्याय त्या कोंबावर लिहिला गेला. तो फारसा सांगितला जात नाही, म्हणून हा लेख.

आमच्या खाडीपलीकडे वसई आहे. वसईच्या पट्ट्यात ऊस होत असे आणि इंग्रजी अमलात मेजर लिटलवूड नावाच्या गृहस्थांनी वसईच्या किल्ल्यातच साखरेचा कारखाना चालवला होता. आज किल्ल्यात फिरताना कुणाला ते खरं वाटणार नाही. पण कोकणपट्टीतला हा ऊस मागे पडला. १८८५च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि ऊस दख्खनच्या काळ्या जमिनीत स्थिरावला. सासवडचे माळी कुटुंबकबिला घेऊन कालव्यांच्या काठी गेले, खंडाने जमिनी घेतल्या, गुऱ्हाळं पेटवली. १९३०च्या दशकात माळीनगर आणि वालचंदनगरचे कारखाने उभे राहिले. पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखान्याचा पाया घातला. हा भाग सगळ्यांना पाठ आहे. कारखाने कुणी काढले, निवडणुका कुणी जिंकल्या, कुणाचा दर किती, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. बेण्यावर मात्र फार थोडं.

ज्वारी-बाजरीचं बी आणि उसाचं बेणं यांत एक मूलभूत फरक आहे. ज्वारीचं बी म्हणजे नवा जीव. आईबापांच्या बहुतेक रोगांचं ओझं त्याच्यावर येत नाही. उसाचं बेणं म्हणजे जुन्या उसाचाच तुकडा. दोन किंवा तीन डोळ्यांची टिपरी तोडायची, सरीत दाबायची, डोळा फुटतो, फुटवे येतात. म्हणजे शेतातला ऊस हा मागच्या वर्षीच्या उसाचा मुलगा नसून तोच ऊस असतो, फक्त जागा बदललेला. गुण तेच राहतात, हा त्याचा मोठा फायदा. पण मागच्या वर्षी त्याच्या अंगात जे दुखणं होतं, तेही टिपरीबरोबर नव्या सरीत जातं. काणी, गवताळ वाढ, मोझॅक ही सगळी दुखणी बेण्यातून चालत येतात. गवताळ वाढ झालेलं बेट पाहिलं, की गलबलून येतं. कांडी धरायच्या वेळी तिथे गवताच्या ठोंबासारखी फिकट, बारीक पात्यांची गर्दी उभी असते. मोझॅक अधिक लबाड. पानांवर गर्द आणि फिकट हिरव्या रंगाचे चट्टे दिसतात, ऊस उभा राहतो, तोडला जातो, वजनावर जातो. फक्त वजन आणि साखर थोडी थोडी उतरत राहते. शेतकरी म्हणतो, जमीन थकली. जमिनीइतकंच बेणंही थकलेलं असतं.

दख्खनवर आधी पुंड्या ऊस होता, जाड, रसाळ आणि नाजूक. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं. बार्बर आणि त्यांच्यानंतर वेंकटरामन यांनी जाड उसाचा रानटी काशाशी संकर केला आणि हिंदुस्थानातल्या उसाचं रूप पालटलं. ‘को’ हे अक्षर कोइमतूरचं. १९३२ साली नीरेजवळ पाडेगावला संशोधन केंद्र निघालं आणि कोइमतूरचे वाण आपल्या मातीत पारखले जाऊ लागले. को ४१९ आला आणि पुंड्याला लोक विसरले. मग १९५०च्या दशकात को ७४० आला. हा वाण महाराष्ट्राने डोक्यावर घेतला आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं शेतात तोच दिसायचा. आडसाली लावा, सुरू लावा, खोडवा ठेवा, तो सगळं सोसायचा. सहकाराची सगळी इमारत ज्या उसावर चढली, तो प्रामुख्याने हा.

एकच वाण, लाखो एकरांवर, तीस वर्षं, टिपरीवरून टिपरी. को ७४० मोझॅकला बळी पडणारा होता. मावा ही कीड तो रोग एका उसावरून दुसऱ्यावर नेत होती आणि आपण तो बेण्याच्या मोळ्यांतून एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात नेत होतो. उपाय म्हणून बेण्याला उष्णतेची प्रक्रिया होती. सुमारे ५४ अंशांच्या दमट गरम हवेत टिपऱ्या काही तास ठेवायच्या. त्याने गवताळ वाढ आणि काणी बऱ्याच अंशी आटोक्यात येते. मोझॅकचा विषाणू मात्र या उष्णतेला खात्रीने दबत नाही. ताप इतका वाढवावा की विषाणू मरेल, तर डोळाच भाजतो.

म्हणून मग वाढ्याकडे वळावं लागलं, आणि ती वाट फार लांबून आली.

१९०२ साली हाबरलांट नावाच्या जर्मन भाषक शास्त्रज्ञाने असा विचार मांडला, की वनस्पतीची एकेक पेशी वेगळी काढून पोसता आली पाहिजे आणि तिच्यातून अख्खं झाड उभं राहिलं पाहिजे. त्याला स्वतःला ते जमलं नाही. ५० वर्षांनी, १९५२ साली, फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्तां यांनी विषाणूग्रस्त डेलियाचा शेंड्याचा अगदी टोकाचा भाग कापून पोसला आणि त्यातून निरोगी रोप उभं केलं. कारण साधं होतं. विषाणू झाडात मुख्यतः अन्नवाहिन्यांतून फिरतो आणि अगदी टोकाच्या वाढत्या कोंबात त्या वाहिन्या अजून तयारच झालेल्या नसतात. तिथल्या पेशीही इतक्या झपाट्याने विभागतात, की विषाणू मागे पडतो. सगळं झाड आजारी असतं आणि टोकावरचा तो कण बहुधा निरोगी. मला तरी निसर्गातली ही फार दिलासा देणारी गोष्ट वाटते.

१९६२ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्या पेशी पोसण्यासाठी क्षारांचं एक मिश्रण ठरवलं. आज जगातल्या बहुतेक उतिसंवर्धन प्रयोगशाळा त्याच पाककृतीवर, थोडं कमी-अधिक करून, चालतात. उसाचा पहिला मोठा प्रयोग हवाई बेटांवर झाला. निकेल यांनी १९६४ साली उसाच्या पेशींचा गोळा काचेत वाढवून दाखवला आणि १९६९ साली हाइन्झ आणि मी (Mee) या शास्त्रज्ञांच्या जोडीने अशा गोळ्यातून पुन्हा उसाची रोपं काढली. हवाईत ऊस हे राजपीक होतं, बागायतदारांचा पैसा पाठीशी होता.

पुण्यात असं काही नव्हतं. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली उघडली ती नावाप्रमाणे रसायनांसाठी. तिथल्या जीवरसायन विभागात व्ही. जगन्नाथन होते. त्यांच्याबरोबर ए. एफ. मस्कारेन्हस यांनी वनस्पतींच्या ऊती पोसण्याचं काम उभं केलं. रासायनिक प्रयोगशाळेत ऊस, निलगिरी आणि साग काचेच्या बाटल्यांत वाढू लागला, हे त्या काळी विचित्र वाटलं असेल. पण नीट पाहिलं तर माणसं योग्य जागी होती. कोंबाला काय खायला द्यायचं, किती द्यायचं, कुठला घटक कधी काढून घ्यायचा, हा प्रश्न मुळात रसायनाचाच.

१९७५ साली आर. आर. हेंद्रे, मस्कारेन्हस, नाडगीर, पाठक आणि जगन्नाथन यांचा एक छोटा शोधनिबंध ‘इंडियन फायटोपॅथॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आला. पानं थोडी, भाषा कोरडी. विषय होता शेंड्याच्या कोंबापासून मोझॅकमुक्त उसाची वाढ, आणि वाण होता को ७४०. ज्या वाणावर महाराष्ट्र उभा होता, त्याच वाणाच्या आजारी उसातून त्यांनी निरोगी ऊस काढला होता. त्या वर्षाच्या वर्तमानपत्रांत याला जागा मिळाली असेल असं वाटत नाही. माझ्या लेखी मात्र तो दिवस एखाद्या कारखान्याच्या पहिल्या बॉयलर-प्रदीपनाच्या तोडीचा आहे.

हे काम हाताने कसं होतं, ते सांगितल्याशिवाय त्याचं मोल कळणार नाही. सहा-सात महिन्यांचा, दिसायला धडधाकट ऊस निवडायचा. वाढं छाटायचं. एकेक पान उलगडत आत जायचं. बाहेरची पानं हिरवी, मग पोपटी, मग पांढरी आणि शेवटी ओल्या कागदासारखी पारदर्शक. वरून निर्जंतुक करायचं. हवेच्या स्वच्छ झोतासमोर बसायचं. चिमटा आणि पातं दर वेळी ज्योतीवर धरायचं. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली तो कोंब दिसतो, चकचकीत, घुमटासारखा, बाजूला एक-दोन पानांचे नुसते अंकुर. कापायचा तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. इथे खरी ओढाताण आहे. तुकडा मोठा घेतला तर तो जगतो, पण त्यात विषाणू येण्याची भीती. लहान घेतला तर तो निरोगी, पण जगण्याची खात्री नाही. शिवाय उसाची जखम काळी पडते. कापलेल्या जागेतून रस पाझरतो, हवेशी संयोग होऊन तपकिरी होतो आणि त्याच विषात कोंब मरतो. म्हणून पहिल्या दिवसांत त्याला पुन्हा पुन्हा नव्या द्रावणात हलवावं लागतं, तान्ह्या मुलाचे कपडे बदलावेत तसं.

आणि खायला? क्षार, जीवनसत्त्वं, वाढीची संप्रेरकं आणि साखर. लिटरमागे साधारण ३० ग्रॅम. पुढे जगाला साखर पुरवणारा ऊस स्वतःच्या बाळपणी साखरेच्या पाण्यावर वाढतो, कारण बाटलीतल्या त्या कोंबाला अजून सूर्यप्रकाशातून स्वतःचं अन्न बनवता येत नसतं.

१९८३ साली हेंद्रे, मस्कारेन्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा टप्पा मांडला, तो उसाच्या जलद गुणनाचा. पहिल्या कामाचा हेतू होता शुद्धी, आता हेतू झाला संख्या. शेतातलं गणित असं, की एक एकर बेण्यातून वर्षाला साधारण दहा एकर लागण होते. नवा वाण एक एकरावर असेल, तर दहा हजार एकरांवर न्यायला चार वर्षं लागतात, आणि ती सगळी वर्षं रोग त्याच्या मागे असतो. बाटलीत एका कोंबाचे दर तीन आठवड्यांनी तीन फुटवे वेगळे करता आले, असं धरलं, तर सहा फेऱ्यांनंतर ७२९ आणि आठ फेऱ्यांनंतर ६,५६१. म्हणजे साडेपाच महिन्यांत एका कोंबापासून एकराहून अधिक रोपं, कारण पाच फुटांची सरी आणि दोन फुटांवर रोप धरलं, तर एकराला सुमारे ४,३५० पुरतात. कागदावरचं हे गणित बाटलीत पूर्ण उतरत नाही. काही कोंब मरतात, काहींना बुरशी लागते. पण टिपरीच्या गणिताशी त्याची तुलनाच होत नाही.

ज्या १९७५ साली तो निबंध छापून आला, त्याच साली पुण्याजवळ मांजरीला दुसरी एक गोष्ट सुरू झाली. राज्यातल्या सहकारी कारखान्यांनी आणि ऊस उत्पादकांनी मिळून डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट काढली. वसंतदादा पाटील यांच्या निधनानंतर तिला त्यांचं नाव मिळालं, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. शेतकऱ्यांच्या उसाच्या टनामागे कापलेल्या पैशावर शेतकऱ्यांसाठी संशोधन उभं राहावं, ही कल्पना मला आजही मोठी वाटते. पाषाणमध्ये पद्धत जन्मली, तरी ती बांधापर्यंत नेण्याचं काम मांजरीसारख्या संस्थेशिवाय झालं नसतं. रासायनिक प्रयोगशाळेकडे सरी नव्हती, गट कार्यालय नव्हतं, लागणीच्या नोंदी ठेवणारा चिटबॉय नव्हता. हे सगळं कारखान्यांकडे होतं. मांजरीला उतिसंवर्धनाची प्रयोगशाळा झाली. काही कारखान्यांनी स्वतःच्याही काढल्या. तापमान २५ अंशांच्या आसपास, १६ तास दिवा, मांडण्यांवर हजारो बाटल्या, आणि ज्योतीसमोर तोंडाला फडकं बांधून बसलेल्या, बहुतेक आसपासच्या गावांतल्या मुली आणि बाया. दिवसाला शेकडो बाटल्या त्यांच्या हातांखालून जातात. रोपं जगणं-मरणं हे शेवटी त्या हातांच्या स्वच्छतेवर ठरतं. संशोधनाच्या इतिहासात नावं निबंध लिहिणाऱ्यांची राहतात. या हातांचीही नोंद कुठेतरी व्हायला हवी.

प्रयोगशाळेने एक अनपेक्षित देणंही दिलं. उसाच्या पेशींचा गोळा करून त्यातून रोपं काढली, की ती सगळी मूळ उसासारखी निघत नाहीत. गोळा होताना पेशींच्या गुणसूत्रांत बदल होतात. उसात तर गुणसूत्रं आधीच शंभराच्या आसपास, कित्येक पूर्वजांची एकत्र आलेली. शेंड्याच्या कोंबाची वाट म्हणूनच सुरक्षित मानली जाते, गोळ्याची वाट बेभरवशाची. बेणं वाढवायचं असेल तर हा दोष. पण फिजी बेटांवर कृष्णमूर्तींनी याच दोषाचा उपयोग केला. फिजी रोगाला बळी पडणाऱ्या पिंडार या वाणाच्या पेशींपासून त्यांनी रोपं काढली आणि त्यांतून रोगाला तोंड देणारा ‘ओनो’ निवडला. १९८१ साली ऑस्ट्रेलियात लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी अशा बदलांना शास्त्रीय नाव दिलं.

आपल्याकडे या वाटेसाठी कोसी ६७१ हा वाण हाताशी होता. महाराष्ट्रात याला वसंत-१ म्हणत. लवकर पक्व होणारा, साखरेचा उतारा उत्तम, म्हणून कारखान्यांचा अतिशय लाडका. पण लाल कूज त्याला सोडत नव्हती. कांडं उभं चिरलं की आत तांबडा गर आणि मधे पांढरे आडवे पट्टे, आंबूस वास. कोइमतूरला कोसी ६७१च्या पेशींपासून मिळालेल्या रोपांतून एक वेगळा ऊस निवडला गेला, को ९४०१२. आपल्याकडे तो ‘फुले सावित्री’ या नावाने लागणीसाठी प्रसारित झाला. मांजरीलाही त्याच कोसी ६७१पासून व्हीएसआय ४३४ हा वाण मिळाला. दोन्ही उसांना वेगळे आईबाप नाहीत, परागीकरण नाही, तुरा नाही. एकाच उसाच्या देहात बाटलीतल्या अस्वस्थतेने जो फरक पडला, तो कुणाच्या तरी नजरेने टिपला आणि वर्षानुवर्षं तपासून शेतात आणला. सावित्रीबाईंचं नाव त्याला दिलं गेलं, याचा मला आनंद आहे.

शेतकऱ्यांनी हे सगळं लगेच स्वीकारलं असं समजू नये. ‘टिश्यूचा ऊस’ पहिल्यांदा लावला, की निराशा होते. बाटलीतून आलेल्या रोपाला फुटवे भरमसाट येतात, कांडी बारीक आणि आखूड पडते. शेजारी टिपरीचा ऊस मनगटाएवढा जाड उभा असतो. रोपाचा खर्च टिपरीच्या कितीतरी पट केलेला आणि समोर हे काठीएवढे ऊस. पुष्कळांनी पहिल्याच वर्षी हात जोडले असतील, आणि त्यांना दोष देता येत नाही. हा ऊस गाळायचा नसतो, त्याचं बेणं करायचं असतं, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत नीट पोचायला हवी होती. पुढच्या पिढीत कांडं आपल्या मूळ जाडीवर येतं, फुटव्यांची संख्या टिकते आणि रोगाचं ओझं नसल्याने वजन वाढतं. यातूनच त्रिस्तरीय बेणेमळ्याची पद्धत पक्की झाली. आधी मूलभूत बेणं, त्यापासून पायाभूत आणि त्यापासून प्रमाणित, जे सामान्य शेतकऱ्याच्या सरीत जातं. २००६ साली केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने उतिसंवर्धित रोपांसाठी प्रमाणपत्राची पद्धत आणली. त्यामुळे रोपात विषाणू आहे की नाही आणि ते मूळ वाणाचंच आहे की नाही, हे तपासून सांगता येऊ लागलं.

को ७४० आता इतिहासजमा आहे. १९९६ साली को ८६०३२ आला, २००७ साली पाडेगावचा २६५ आला. मांजरीचे आणि पाडेगावचे नवे वाण येत राहतात. प्रत्येक नव्या वाणाच्या मागे तोच जुना प्रश्न उभा असतो. बाटलीतून निघालेलं निरोगी बेणं कायमचं निरोगी राहत नाही. शेडनेटमधून, कोकोपीटच्या ट्रेमधून ते रानात गेलं, की पुन्हा मावा येतो, तुडतुडे येतात, एका बेटावर चाललेला कोयता तसाच दुसऱ्यावर चालतो. तीन-चार वर्षांत दुखणं हळूहळू परत शिरतं आणि बेणं बदलावं लागतं. तेव्हा मांजरीच्या प्रक्षेत्रावर कुणीतरी पुन्हा एकदा सगळ्या बेटांतून एक बेट निवडतं, पानं उलथीपालथी करून पाहतं, वरचा भाग छाटतं आणि ते वाढं गोठ्याकडे न पाठवता प्रयोगशाळेच्या दाराशी नेऊन ठेवतं.